दुसरी दोरी

तांडेल रिक्षात बसले की रिक्षावाल्याला पहिला प्रश्न एकच विचारायचे. "बाबा, तू आता भायेर पडलास तर ही बंद होईल का?"

पनवेलच्या एसटी स्टँडसमोर मी हे स्वतः ऐकलं आहे. रिक्षावाल्यानं आरशातून आमच्याकडे बघितलं.

"मी कशाला पडू?"

"पडलास तर."

"काका, सकाळी सकाळी चांगलं बोला ना."

"चांगलंच बोलतोय. तू पडशील, ही धावत राहील. आत आमी दोघं. मग?"

त्यानं आम्हाला तिथेच उतरवलं. दुसऱ्या रिक्षात बसताना मी हळूच म्हटलं, आता नका विचारू. त्यांनी विचारलं नाही. पण मी बघत होते. सबंध वाटेवर त्यांची नजर रिक्षाच्या चावीवर होती. रिक्षावाला पडलाच तर चावी फिरवायला आपला हात किती लांब पुरेल, याचं माप ते मनात घेत होते.

तांडेल म्हणजे मासेमारीच्या होडीवरचा मुख्य माणूस. ते उरणकडचे. चाळीस वर्षं समुद्रावर होडी चालवून झाल्यावर त्यांनी ते काम सोडलं होतं, पण सगळे अजून त्यांना तांडेलच म्हणत. त्यांचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण त्या नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही, म्हणून इथेही लिहीत नाही.

मी त्यांच्याजवळ कामाला कशी गेले ते सांगते. मी बाजारात एका दुकानात पिशव्या आणि दप्तरं शिवत असे. एक दिवस एक शेठ वीस लाईफ जॅकेट घेऊन आले. सगळी उसवलेली. उलव्याजवळच्या गावात त्यांची भातशेती होती. जमीन विमानतळात गेली, आणि आलेल्या पैशातून त्यांनी दोन मोटरबोटी घेतल्या. भावांनी गाड्या घेतल्या, यांनी बोटी. रविवारी नव्या इमारतींतली माणसं खाडीवर यायची, पोरांचे वाढदिवस असायचे, त्यांना अर्धा तास फिरवून आणायचं. जॅकेट बघून झाल्यावर शेठ म्हणाले, "ताई, तिथेच बसून शिवाल का? धुवायची पण असतात." मी मान हलवली. मला बोलायला फार लागत नाही असं काम पाहिजेच होतं.

पहिल्या दिवशी जेटीवर गेले तेव्हा शेठच्या बोटी सांभाळणारे तांडेल बोटीत गुडघ्यावर बसले होते आणि मशीनशी बोलत होते. जवळ जाऊन बघितलं तर ते मशीनशी नाही, मशीनवर चिकटवलेल्या एका चित्राशी बोलत होते. अंगठ्याएवढं चित्र. त्यात एक काळा माणूस बोटीतून पाठमोरा पडतो आहे, आणि त्याच्या पायांशी पंख्याची तीन पाती.

"बघ," मला म्हणाले. ओळख ना पाळख. "चाळीस वर्षं मी याला बघतोय. दरेक मशीनवर असतो. अजून पडतोच आहे. पुढं त्याचं काय झालं असंल, सांग."

मी म्हटलं, "कोणी वर काढलं असेल."

"कोण काढणार? बोट तर पुढं गेली. आणि नुसती पुढं जात नाय, बाय. धरायला माणूस नसला की चाक फिरतं आणि बोट गोल वळते. फिरून त्याच्याच अंगावर येते."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, बोट सरळ निघून जात असेल. दुपारभर जॅकेट शिवताना मी तेच बघत होते मनात, रिकामी बोट आपल्याच माणसाकडे परत येते आहे.

तांडेलांचं सगळं आयुष्य त्या चित्राभोवती होतं. लोक म्हणायचे, त्यांचा कोणीतरी असाच पंख्याखाली गेला असणार. कोणी म्हणे भाऊ, कोणी म्हणे मेव्हणा. चहावाला तर मेव्हण्याचं गावही सांगायचा. मला ते जाणून घ्यावंसं वाटे, पण विचारायची लाज. चार महिन्यांनी एकदा विचारलं. ते हसले. "कोणाला काय झालं नाय. माझ्या होडीवर चाळीस वर्षांत कोणाचं बोट कापलं नाय." मग म्हणाले, "चित्र सगळ्यांना दिलेलं असतं. मी बघितलं, एवढंच."

आता दोरीचं सांगते, कारण तीच मुख्य.

शेठच्या बोटीला चाकाजवळ चावी असते आणि चावीच्या शेजारी एक लाल बटण. त्या बटणाच्या मानेखाली एक प्लास्टिकचा चिमटा बसतो. चिमट्याला लाल, पिळाची दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक बोट चालवणाऱ्याच्या अंगाला. माणूस पडला की दोरी ओढली जाते, चिमटा निसटतो, बटण खाली बसतं, मशीन बंद. चिमटा नसेल तर मशीन चालूच होत नाही. तांडेलांनी मला ते दहा वेळा करून दाखवलं, कारण मी दहा वेळा विचारलं. माझ्या या एका गोष्टीवर ते खूश होते. "हा चिमटा काय करतो? काय नाय करत. बटणाच्या बोंडीला वर धरून ठेवतो. तिची मान धरायची, बस."

बाकीच्यांना या दोरीचा कंटाळा होता. शेठ ती चाकालाच अडकवून ठेवायचे. तांडेल म्हणायचे, "शेठ, पडणार कोण? चाक का तुमी?" मग शेठ ती मनगटावरच्या घड्याळाला लावत. "घड्याळ तुटंल, मशीन चालू राहील." मग पँटच्या पट्ट्याला. तिथेही नाही. शेवटी तांडेलांनी माझ्याकडून प्रत्येक जॅकेटच्या छातीवर एक जाड कापडी पट्टी शिवून घेतली, दोरी फक्त तिलाच लावायची. शिवून झाल्यावर प्रत्येक पट्टीला स्वतः लोंबकळले. वीसच्या वीस. एक उसवली, ती त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली आणि चहा प्यायला गेले.

एक दिवस शेठ मोबाईल घेऊन आले. परदेशात या दोरीचा कायदाच आहे, असं त्यांना सापडलं होतं. तांडेलांना आनंद होईल असं वाटलं. पण पुढे वाचताना शेठच खूश झाले. "ऐका! हळू चालत असाल, धक्क्याला लावत असाल, तर दोरी नसली तरी चालते. सूट हाय."

"पंख्याला माहीत हाय का सूट?" तांडेलांनी विचारलं.

तेव्हा त्यांनी ठरवलं की आपलेही कायदे लिहून काढायचे. त्यांना लिहिता येत नव्हतं. मला म्हणाले, "तू किती शिकलीस?" मी म्हटलं, चौथी. "म्हणजे माझ्यापरीस चार जास्त. लिही." जेटीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक फळी होती, तिच्यावर मी खडूनं लिहिलं आणि मग पांढऱ्या रंगानं गिरवलं. मशीनच्या आधी दोरी, मशीननंतर सुटका. दोरी माणसाला, खुर्चीला नाही. पाण्यात माणूस दिसला की मशीन बंद, हळू नाही, बंद. जॅकेटची नाडी सुरगाठीनं बांधायची, एका झटक्यात सुटली पाहिजे, निरगाठ बोटीला, माणसाला नाही. माझं अक्षर एवढं मोठं मी कधी बघितलं नव्हतं. येणारी माणसं ते वाचायची, मी शिवणाच्या मशीनमागे तोंड लपवायची.

घरीही त्यांचं हेच. सुनेच्या मिक्सरला त्यांनी लाल दोरी लावून दिली होती. दोरी तिच्या मनगटाला, ती बाजूला झाली की प्लग निघायचा. सून चार दिवस चटणी वाटताना तशी उभी राहिली. पाचव्या दिवशी दुपारी तांडेल टीव्हीसमोर डुलक्या घेत होते, तेव्हा तिनं तीच दोरी त्यांच्या पायाच्या अंगठ्याला बांधली आणि दुसरं टोक टीव्हीच्या प्लगला. ते उठले, टीव्ही बंद. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "तिला कळलंय बघ. सगळ्या घरात तिलाच कळलंय."

पण खरा विक्षिप्तपणा होता तो पडण्याचा.

शेठ बोट चालवायला शिकत होते. तांडेल त्यांना शिकवायला घेऊन जात, चाक स्वतःच्या हातात ठेवून, शेठ शेजारी. आणि खाडीच्या मध्यावर, काही न सांगता, ते पाण्यात पडत. उडी नाही, पडणं. पाठमोरं, त्या चित्रातल्यासारखं. दोरी अंगाला, त्यामुळे मशीन बंद. मग शेठनं काय करायचं? तर डब्यातली दुसरी दोरी काढायची, तिचा चिमटा बटणाखाली बसवायचा, मशीन चालू करायची आणि तांडेलांना घ्यायला यायचं. तांडेल पाण्यात मोठ्यानं आकडे मोजत राहत. आकडे त्यांना शंभरपर्यंतच येत होते. शंभर झाले की एक बोट मिटायचं आणि पुन्हा एकपासून.

पहिल्यांदा पडले तेव्हा हातात चहाचा ग्लास होता. शेठ सांगत होते, माणूस पाण्यात गेला पण ग्लास पाण्याच्या वर. बोट पोचली तेव्हा तांडेल म्हणाले, "दोन शंभर आणि साठ. चहा थंड झाला."

"तांडेल, तुमाला काय वेडबिड लागलंय का?" शेठ ओरडले होते. "सांगून तरी पडा!"

"तो चित्रातला सांगून पडला का?"

म्हणून दुसरी दोरी महत्त्वाची. पडणारा आपली दोरी बरोबर घेऊन जातो, हे कोणाच्या लक्षातच येत नाही. पडणारा वाचतो, पण बोट मुकी होऊन बसते. दुसरी दोरी एका पिवळ्या प्लास्टिकच्या डब्यात असायची, चाकाखालच्या कप्प्यात. तांडेल रोज सकाळी बोटीत आले की आधी चित्राला बघायचे, मग डबा उघडून दोरीला हात लावायचे, मग बाकीचं.

माझ्या दुसऱ्या हंगामात त्यांनी डबा माझ्याकडे दिला. "बाय, आजपासून हे तुझं." त्या दिवसापासून त्यांनी डबा उघडणं बंद केलं. शेठनं पेट्रोल भरलं तरी टाकीत काठी घालून बघणारा माणूस हा. चहात साखर घातली का, हेही दोनदा विचारणारा. पण डब्याकडे त्यांनी वळूनही बघितलं नाही. हे मला कोणी सांगितलं नाही, माझं मीच ओळखलं. घरी येऊन मी कोणाला बोलले नाही, पण दोन दिवस पोळ्या लाटताना तेच आठवत होतं.

मग दसरा आला.

दसऱ्याला सगळी हत्यारं, यंत्रं पुजतात. शेठनं पाट मांडला. पाने, पक्कड, स्पार्क प्लग, माझी सुई आणि कात्री, सगळं पाटावर. मशीनला झेंडूची माळ. मला वाटलं, दुसरी दोरीही यंत्राचाच भाग, तिची पूजा नको का? मी डबा उघडला आणि दोरी पाटावर ठेवली. हळद, कुंकू, झेंडू, आपट्याची पानं. दोरी लाल, कुंकू लाल, वर फुलांचा ढीग.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हत्यारं उचलून पुसून जागेवर ठेवली आणि राहिलेलं निर्माल्य एका जुन्या ओढणीत बांधलं. ओहोटी होती. जेटीच्या टोकावरून मी ते गाठोडं पाण्यात सोडलं. गाठोडं बुडालं, चार फुलं सुटून वर राहिली. मी हात जोडले.

तिसऱ्या दिवशी डबा पुसायला घेतला, तो हलका लागला.

मी शेडमध्ये बसून राहिले. काय झालं ते लगेच कळलं होतं. जाऊन सांगायचं, एवढंच काम. तांडेल वीस पावलांवर जाळीचा तुकडा शिवत होते. मी उठले, गेले, त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी वर बघितलं. मी म्हटलं, "चहा आणू?"

त्या संध्याकाळी मी पनवेलच्या बाजारात उतरून तशी दोरी शोधली. पहिल्या दुकानात मला सायकलचं कुलूप दाखवलं. दुसऱ्यात कुत्र्याचा पट्टा. तिसऱ्या दुकानदारानं जुन्या टेलिफोनची पिळाची वायर काढली आणि म्हणाला, "हेच ना?" मी म्हटलं, "मशीनची." "कसल्या मशीनची?" दुकानात चार पुरुष उभे होते. मी वायर ठेवून बाहेर आले. वाटलं, रविवारच्या आत काहीतरी करू. रविवार गेला, त्या दिवशी तांडेल पडले नाहीत, लोक होते बोटीत. मी प्रत्येक फेरीला देवाचं नाव घेत जेटीवर उभी. वाटलं, आता उद्या सांगते.

मंगळवारी सकाळी तांडेल म्हणाले, "शेठ, चला. बाय, तू पण चल, पुढं बस. पुढं वजन पायजे."

दुसरी बोट दुरुस्तीला वर काढलेली होती. वारा होता. मी जॅकेट घातलं, एक जादा जॅकेट पायाशी घेतलं, पुढे बसले. मी मनात म्हणत होते, आज पडू नका, आज पडू नका, जेटीला लागलो की पहिली सांगते.

खाडी रुंद होते तिथे तांडेल पडले.

मशीन एकदम बंद झाली. कानाला पाण्याची चुबुकचुबुक ऐकू यायला लागली. मागे तांडेलांची टोपी दिसत होती आणि आवाज, "एक, दोन, तीन..."

शेठना आता सवय झाली होती. हसतच वाकले, कप्पा उघडला, डबा काढला. झाकण उघडलं. डबा उलटा केला. कप्प्यात हात घातला.

"ताई, दोरी कुठाय?"

मी डब्याकडे बघत होते.

ओहोटी बोटीला आणि तांडेलांना, दोघांनाही खाली समुद्राकडे नेत होती, पण बोटीला वारा आणखी जोरात ढकलत होता. टोपी लहान होत चालली. खाली, खाडीवरच्या पुलाच्या पलीकडे, माल वाहणाऱ्या मोठ्या बोटींची वाट आहे. शेठनं वल्हं काढलं. एकच वल्हं. बोट जागच्या जागी गोल फिरली. त्यांनी फोन काढला, जेटीवरच्या चहावाल्याला लावला. "अरे, कोणाची तरी बोट पाठव! नाय? मग बघत काय बसलायस!" फोन खिशात टाकून त्यांनी पुन्हा डब्यात बघितलं, जणू मधल्या वेळात दोरी आली असेल.

"...अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर!" तांडेल ओरडले. आवाज बारीक आला. पण त्या आवाजात काळजी नव्हती, तेच मला सहन होईना. त्यांना खात्री होती की दोरी डब्यात आहे.

"दोरी नाही," मी म्हटलं. "मी टाकली. निर्माल्यात. दसऱ्याच्या फुलांबरोबर खाडीत गेली."

शेठ माझ्याकडे वळले. "फुलांबरोबर?"

"हो."

"आणि आज सांगतेस?"

"हो."

"अगो बाय माझे!" त्यांनी डोक्याला हात लावला. "सत्तरीचा माणूस हाय तो!"

मी पायाशी पडलेलं जादा जॅकेट उचललं. त्याची नाडी मीच ओवलेली, जाड, गोल. दातांनी गाठ सोडवून ती सबंध ओढून काढली. शेठ काहीतरी बोलत होते, मला ऐकू येत नव्हतं. मी चाकाजवळ गेले. बटण आत बसलेलं. तिची मान धरायची, बस. नखानं बटण बाहेर ओढलं आणि नाडी मानेभोवती गुंडाळली, एक, दोन, तीन वेढे, घट्ट. बटण वर राहिलं. शेवटी सुरगाठ मारली आणि सुटं टोक मुठीत धरलं.

"चावी फिरवा," मी शेठना म्हटलं. एवढ्या मोठ्यानं मी पुरुषमाणसाशी कधी बोलले नव्हते.

मशीन चालू झाली.

शेठनं बोट वळवली. आता टोपी मोठी व्हायला लागली. तांडेल हळूहळू मोजत होते, धाप लागली होती. तिसरं बोट मिटलेलं लांबून दिसलं. जवळ आलो, आणखी जवळ, आणि तांडेलांनी मोजणं थांबवून दोन्ही हात डोक्यावर आडवे हलवले. बंद करा. शेठनं वेगाचा दांडा धरला. घाईत मागे ओढायचा तो पुढे ढकलला. बोटीनं उसळी घेतली, नाक वर गेलं आणि टोपी त्या नाकाखाली दिसेनाशी झाली.

मी मुठीतलं टोक खेचलं.

सुरगाठ सुटली. मशीन बंद. बोट तशीच पुढे सरकत गेली, काही न बोलता, आणि बाजूच्या कडेवर एक काळा, सुरकुतलेला हात आला.

"चार शंभर," तांडेल म्हणाले, "आणि अकरा."

आम्ही दोघांनी त्यांना वर घेतलं. ते खाली बसले, टोपी पिळली. तांडेलांनी बटणाला लोंबणारी नाडी बघितली, मग रिकामा डबा.

"मशीन कोणी बंद केली?"

शेठनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"हं," तांडेल म्हणाले. त्यांनी स्वतःची दोरी लावली आणि बोट जेटीला आणली.

जेटीवर त्यांनी कोरडा सदरा घातला आणि मग मला विचारलं, "कवा गेली?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी."

त्यांनी बोटांवर मोजलं. किती दिवस झाले ते मोठ्यानं म्हणाले नाहीत.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"मी डबा बघितला नाय."

"का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं असावं. "तू ठेवलेलीस ना," म्हणाले, आणि चहा प्यायला गेले.

रागावले असते तर बरं झालं असतं. शेठ मला काढून टाकणार होते. तांडेलांनी त्यांना काय सांगितलं ठाऊक नाही, मी कामावर राहिले. शेठनं मुंबईहून नवी दोरी मागवली. ती डब्यात ठेवली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तांडेल बोटीत आले, चित्राकडे बघितलं, डबा उघडला, दोरीला हात लावला, डबा बंद केला. माझ्यासमोर. तोंडावर काही नाही, राग नाही, टोमणा नाही. तसंच तिसऱ्या दिवशी, तसंच चौथ्या. डबा माझ्याकडेच होता, पुसायची मीच, फक्त रोज तो उघडला जायचा. मग मी स्वतःच डबा उघडून त्यांच्यासमोर धरायला लागले. ते बघायचे, मान हलवायचे.

फळीवर दोन नवे कायदे आले. एक त्यांनी सांगितला. दसऱ्याला दुसरी दोरी पाटावर मांडायची नाही, डब्यातच हळदकुंकू लावायचं. दुसरा मी माझ्या मनानं खाली लिहिला. त्यांनी रंग वाळताना बघितलं.

"ही ओळ कसली?"

मी वाचून दाखवली. "हरवलं तर त्याच दिवशी सांगायचं."

"ही मी नाय सांगितली."

"माझी आहे."

"राहू दे," म्हणाले.

पुढच्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. चित्रातला माणूस त्यांना दिसेनासा झाला, तरी अंगठा फिरवून त्याची जागा शोधत. मे महिना संपत आला की बोटी वर काढतात, पावसाळ्यात बंद असतात. त्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी ते म्हणाले, आता पुढच्या वर्षी नाय. लेक अलिबागला होती, तिच्याकडे राहायला जाणार होते. एक शेवटची फेरी मारायची होती.

मला अजून नवल वाटतं की माणूस चाळीस वर्षं एकाच चित्राकडे कसा बघू शकतो. त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, रोज नवं दिसतं. आता रिक्षात बसले की मीही चावी कुठे आहे ते बघते. कोणाला बोलत नाही.

त्या सकाळी तांडेल बोटीत उतरले. चित्रावर अंगठा ठेवला. मी नेहमीप्रमाणे डबा उघडून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी हात पुढे केला, आणि आत न बघता, आत हात न घालता, झाकण बंद केलं. मग आपली दोरी छातीवरच्या पट्टीला लावली आणि म्हणाले, "चला शेठ."

मी पुढे जाऊन बसले. बोट सुटायच्या आधी, ते चावी फिरवत असताना, मी डबा पुन्हा उघडून बघितला. दोरी होती.